युकातानच्या गावरस्त्यांवरून माया अवशेषांकडे: सहकुटुंब गाडीप्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष बघत गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारी मंडळी बहुतेक दोन प्रकारची असतात. एक, अमेरिकेत राहणारी, सोबत मुलं आणि भारतातून आलेले आईवडील असलेली. दुसरी, थेट भारतातून येणारी. आधी भूगोल: द्वीपकल्पात तीन राज्यं आहेत. पूर्वेला किंताना रो (कानकुन, तुलुम, कोबा), उत्तरेला युकातान (मेरिदा, चिचेन इत्झा, उश्माल) आणि नैर्ऋत्येला काम्पेचे (एद्झना, कालाकमुल). पुढच्या अनेक उत्तरांत ही विभागणी लागेल.

1. टूरची बस असताना स्वतः गाडी चालवायची कशाला?

सकाळच्या वेळेसाठी. कानकुनची बस हॉटेलाहॉटेलातून माणसं गोळा करते, वाटेत दुकानात थांबवते आणि ऊन डोक्यावर आल्यावर चिचेन इत्झाला सोडते. गाडी असली की आदल्या रात्री जवळ मुक्काम करून दार उघडताच आत शिरता येतं. शिवाय उश्मालजवळच्या कबाह, सायिल, लाबना अशा छोट्या अवशेषांच्या ठिकाणी सार्वजनिक वाहन जवळजवळ नाहीच.

फक्त चिचेन बघून परत किनाऱ्यावर यायचं असेल, तर गाडीचा खटाटोप करू नका. डिसेंबर 2023 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली 'त्रेन माया' रेल्वेही आहे, पण बहुतेक स्टेशनांवरून पुढे टॅक्सी किंवा बस करावीच लागते.

2. किती दिवस लागतात? रोज किती किलोमीटर धरावे?

सहा दिवसांत आरामात होतं. दोन रात्री व्हायादोलीद (चिचेन इत्झा आणि 'एक बालाम' नावाचे अवशेष), दोन रात्री मेरिदा किंवा उश्मालजवळचं सांता एलेना (उश्माल आणि पूक मार्ग, म्हणजे कबाह, सायिल, लाबना यांना जोडणारा रस्ता), उरलेला वेळ येण्याजाण्याला. कालाकमुल हवं असेल तर त्यात किमान दोन रात्री वाढवा (प्रश्न 21).

ढोबळ अंतरं: कानकुन ते व्हायादोलीद 160 किमी, व्हायादोलीद ते चिचेन 42, चिचेन ते मेरिदा 120, मेरिदा ते उश्माल 80, व्हायादोलीद ते कोबा 60. मात्र गावांतून जाणाऱ्या रस्त्यावर किलोमीटरवरून वेळ काढू नका. व्हायादोलीद ते चिचेनचे 42 किमी जुन्या रस्त्याने पाऊण तास खातात, कारण मधल्या प्रत्येक गावात स्पीडब्रेकर आहेत. गावरस्त्यावर तासाला 50 ते 55 किमी धरा आणि मुलं बरोबर असतील तर दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त चालवायचं ठरवू नका.

3. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागतो का?

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असेल, किंवा अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल, तर पर्यटनासाठी लागत नाही. जास्तीत जास्त 180 दिवस मिळू शकतात, पण किती द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. शिक्क्यावर लिहिलेले दिवस तिथेच वाचून घ्या.

घोळ होतो तो एच-1बी वाल्यांचा. व्हिसाचा शिक्का संपलेला आणि हातात फक्त मंजुरीचं पत्र, अशा स्थितीत अमेरिकेत राहणं कायदेशीर असलं तरी मेक्सिकोच्या दृष्टीने तुमच्याकडे वैध व्हिसा नाही. मग मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा काढावा लागतो. व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर घ्या. आईवडिलांच्या व्हिसाची मुदत आणि तो पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हेही तिकीट काढण्याआधी बघा. नाहीतर त्यांना अमेरिकेत परतता येणार नाही.

4. भारतातलं लायसन्स चालतं का?

भाड्याच्या कंपन्या इंग्रजीत छापलेलं भारतीय स्मार्टकार्ड लायसन्स सहसा स्वीकारतात. तरी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून आणा. ते एक वर्ष चालतं आणि मूळ लायसन्सबरोबरच दाखवायचं असतं, नुसत्या परमिटला अर्थ नाही. मोबाइलमधलं डिजिलॉकर इथे कुणी मानत नाही, प्लास्टिकचं कार्डच लागतं.

क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावावर हवं. अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात आणि डेबिट कार्डावर बरेचदा गाडीच देत नाहीत.

5. ऑनलाइन गाडी अगदी स्वस्त दिसते आणि काउंटरवर बिल तिप्पट होतं. ही फसवणूक आहे का?

अर्धी फसवणूक, अर्धा कायदा. मेक्सिकोत दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, म्हणजे आपल्याकडचा थर्ड पार्टी, सक्तीचा आहे. तुमचा अमेरिकेतला गाडीचा विमा इथे धरत नाहीत. क्रेडिट कार्डाचा विमा भाड्याच्या गाडीचं नुकसान भरून देतो, समोरच्याचं नाही. त्यामुळे 'माझ्या कार्डावर विमा आहे' म्हणून काउंटरवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

करायचं असं: बुकिंग करतानाच थर्ड पार्टी विमा (स्पॅनिशमध्ये 'दान्योस अ तेर्सेरोस') धरलेला आहे अशी किंमत निवडा आणि तसं लिहिलेला कागद छापून आणा. त्यात वकिलाची मदत समाविष्ट आहे का तेही बघा. इथे अपघातात कुणी जखमी झालं तर दोष ठरेपर्यंत पोलिस चालकाला थांबवून ठेवू शकतात आणि तेव्हा विमा कंपनीचा माणूसच कामाला येतो. गाडीच्या नुकसानीचा विमा कार्डावर सोडायचा असेल, तर कार्ड कंपनीकडून मेक्सिको धरला जातो असं लेखी मागवा. टायर, काच आणि गाडीचा तळ बहुतेक विम्यांतून वगळलेले असतात. गावरस्त्यावर नेमकं तेच तुटतं.

6. एसयूव्ही घ्यावी की साधी सेडान पुरते?

बहुतेक ठिकाणी डांबरी रस्ता दारापर्यंत जातो, फोर बाय फोरची गरज नाही. पण पाच माणसं आणि चार बॅगा भरलेली सेडान उंच स्पीडब्रेकरवर तळाशी घासते. चारपेक्षा जास्त माणसं असतील तर उंच गाडी घ्या. गिअर ऑटोमॅटिकच मागा (कारण प्रश्न 7 मध्ये).

गाडी ताब्यात घेताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: चारही बाजू, चारही टायरांच्या कडा, पुढची काच, छत, खाली वाकून बंपरची खालची बाजू, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. मग डिकी उघडून स्टेपनी, जॅक आणि चाकाचा पाना आहेत का बघा. स्टेपनीला हाताने दाबून हवा तपासा. काउंटरवरचा माणूस घाई करेल, करू द्या.

7. आयुष्यभर डावीकडून गाडी चालवली आहे. उजवीकडून जमेल का?

दोन तासांत जमतं. वाहत्या रहदारीत कुणी चुकत नाही, कारण पुढच्या गाडीच्या मागे जायचं असतं. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून, हॉटेलच्या गल्लीतून किंवा अवशेषांच्या पार्किंगमधून बाहेर पडताना. त्या क्षणी शेजारी बसलेल्याने 'उजवीकडे' असं मोठ्याने म्हणायचं, हा नियमच करून टाका. चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला असतो, ही खूण पक्की. डाव्या हाताने गिअर शोधणं आणि इंडिकेटरऐवजी वायपर लावणं हे पहिल्या दिवशी होतंच. ऑटोमॅटिकमुळे त्यातला निम्मा गोंधळ टळतो.

8. 'कुओता' आणि 'लिब्रे' यांतला कोणता रस्ता घ्यायचा?

कुओता म्हणजे टोलचा, लिब्रे म्हणजे फुकटचा. कानकुन ते मेरिदा दोन्ही समांतर जातात: टोलचा 180 डी आणि गावांतून जाणारा 180. टोलच्या रस्त्यावर वेगमर्यादा 110 पर्यंत आहे, स्पीडब्रेकर नाहीत आणि बाहेर पडायचे फाटे फार थोडे आहेत. एक चुकला की पुढचा बराच लांब. पंपही कमी, म्हणून टाकी भरूनच चढा.

आमचं मत: येताना आणि परततानाचा लांब टप्पा टोलच्या रस्त्याने करा आणि व्हायादोलीद, चिचेन, इझामाल हा मधला भाग लिब्रेने, दिवसाउजेडी. टोल महाग आहे, काही शे पेसो जातात. पैसे रोख पेसोत तयार ठेवा, कार्डाच्या भरवशावर नाक्यावर जाऊ नका. पावती जपून ठेवा, टोलच्या पैशांत त्या रस्त्यापुरता रस्ता-विमा आलेला असतो.

इथल्या टोलच्या रस्त्याचा खरा धोका म्हणजे झोप. द्वीपकल्पाचा उत्तर भाग सपाट चुनखडीचा आहे, पाणी जमिनीखालून वाहतं. म्हणून ना घाट, ना नदीवरचे पूल, ना वळणं. जेवण करून लगेच दोन तास सरळ गाडी चालवायची नाही.

9. 'तोपे' म्हणजे नेमकं काय? त्याची एवढी धास्ती का?

स्पीडब्रेकरच, पण आपल्याकडच्यापेक्षा उंच आणि कडक. गावाच्या वेशीवर, शाळेपाशी, चर्चच्या चौकात आणि कधी उघड्या रस्त्यावरही असतात. कधी थोडं आधी पिवळी पाटी असते, कधी नेमक्या तोपेपाशीच असते, कधी नसतेच. रंग उडालेला आणि वर झाडाची सावली असली की तो दिसत नाही. 60 च्या वेगाने आदळलात तर टायर फुटतो, रिम वाकतो किंवा इंजिनखालचं ऑइलचं भांडं तडकतं.

ओळखायच्या खुणा: वेगमर्यादा एकदम 80 वरून 40 वर येणं, पुढच्या गाडीने चारही इंडिकेटर लावणं आणि रस्त्याच्या मध्यावर सोललेली संत्री किंवा शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन उभे असलेले विक्रेते. गाड्या जिथे हळू होतात तिथेच ते उभे राहतात, त्यामुळे पाटीपेक्षा ही खूण भरवशाची.

पार करायची रीत: ब्रेक आधी लावून वेग 10 च्या खाली आणा आणि चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकतं आणि बंपर घासतो. फार उंच असेल तर किंचित तिरकी घ्या, एकेक चाक चढू द्या.

10. रात्री गाडी चालवली तर काय होतं? लोक इतकं बजावतात का?

चोरीपेक्षा अपघाताची भीती मोठी. गावरस्त्यावर दिवे नाहीत, रस्त्याचा खांदा (कडेची पट्टी) अरुंद आणि झाडी थेट कडेपर्यंत. त्यात मागे दिवा नसलेल्या तीनचाकी सायकली, पायी निघालेली माणसं, गुरं, कुत्री आणि अंधारात न दिसणारे तोपे. बंद पडलात तर मदत सकाळीच.

अडचण अशी की अवशेष संध्याकाळी पाचला बंद होतात आणि डिसेंबरात मेरिदाकडे सूर्य साडेपाचच्या आधीच मावळतो. म्हणजे बंद होईपर्यंत आत थांबलात तर हातात अर्धा तासही उरत नाही. हिवाळ्यात दुपारी साडेतीनला गाडीत बसायचं ठरवा. उशीर झालाच तर लांब पडला तरी टोलचा रस्ता घ्या.

11. पेट्रोल कुठे आणि कसं भरायचं?

पंपावर माणूस भरून देतो, स्वतः भरायचं नसतं. हिरवी नळी 'माग्ना' म्हणजे साधं पेट्रोल, लाल 'प्रीमियम', काळी डिझेल. भाड्याच्या गाडीला माग्ना पुरतं. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते आधी बघून ठेवा.

गाडीतून खाली उतरा. मीटर शून्यावर आहे याची खात्री झाल्यावरच 'येनो, माग्ना' म्हणा (टाकी फुल्ल). रोख देताना प्रत्येक नोट मोठ्याने मोजून हातात द्या. जुनी 20 ची आणि सध्याची 500 ची नोट दोन्ही निळ्या आणि दोन्हींवर बेनितो हुआरेसचं चित्र आहे, त्यामुळे अदलाबदल होते, कधी चुकून, कधी मुद्दाम. 5 ते 10 पेसो टीप देतात.

टाकी निम्मी झाली की भरायची. पूक मार्गावर जाण्याआधी मुना किंवा तिकुलला भरा, कालाकमुलआधी शपुहिल किंवा एस्कार्सेगाला. पंपावर स्वच्छतागृह असतं, सुटे पैसे आणि कागद बरोबर ठेवा.

12. पुढचा ट्रक डावा इंडिकेटर लावतो. ओव्हरटेक करा म्हणतो की डावीकडे वळतोय?

दोन्हींपैकी काहीही असू शकतं आणि म्हणूनच हा प्रश्न दर महिन्याला येतो. दुपदरी रस्त्यावर ट्रकवाले 'पुढे मोकळं आहे, जा' या अर्थाने डावा इंडिकेटर लावतात. गावाजवळ किंवा फाट्यापाशी तोच इंडिकेटर वळण्याचा असतो. नियम एकच: तुम्हाला स्वतःला समोरचा रस्ता दिसत नसेल तर जाऊ नका. ट्रक उजवीकडे सरकून अर्धा खांद्यावर गेला असेल तर तो खरंच वाट देतोय.

तुम्हाला हायवेवरून डावीकडे वळायचं असेल तर मधोमध थांबू नका, मागून कुणीतरी ओव्हरटेक करत येईल. उजव्या खांद्यावर थांबा, दोन्ही बाजू रिकाम्या होऊ द्या आणि मग ओलांडा. किंवा पुढच्या 'रेतोर्नो' म्हणजे यू-टर्नवरून फिरून या.

13. वाटेत लष्कर किंवा पोलिस थांबवतात का?

हो, तपासणी नाके नेहमीचे आहेत, राज्यांच्या सीमेवर आणि कालाकमुलकडे जाणाऱ्या 186 क्रमांकाच्या रस्त्यावर विशेष. हळू व्हा, काच खाली, गॉगल काढा, आतला दिवा संध्याकाळी लावा. कुठून आलात, कुठे चाललात एवढंच विचारतात. मुलं दिसली की बहुतेक वेळा हातानेच पुढे जायला सांगतात.

वाहतूक पोलिसाने वेगासाठी थांबवलं तर लायसन्स आणि गाडीचे कागद दाखवा, पासपोर्ट मागितल्याशिवाय काढू नका. दंड रस्त्यावरच रोख मागितला तर शांतपणे लेखी पावती ('बोलेता') मागा आणि दंड कार्यालयात भरतो म्हणा. वाद घालू नका, आवाज चढवू नका, हातात वेळ आहे असं वागा. गावांतली 40 ची मर्यादा आणि शाळेजवळची 20 ची खरोखर पाळा म्हणजे हा प्रसंगच कमी येतो.

14. घड्याळाचा काय गोंधळ आहे?

किंताना रो राज्य 2015 पासून युकातान आणि काम्पेचेच्या एक तास पुढे आहे. मेक्सिकोने 2022 मध्ये बहुतेक देशातली उन्हाळी वेळ बंद केली, त्यामुळे हा फरक वर्षभर तसाच राहतो. कानकुनहून चिचेनला जाताना एक तास मिळतो, परतताना जातो.

फसगत होते ती कोबाला. ते व्हायादोलीदपासून फक्त 60 किमी, पण किंताना रोमध्ये. व्हायादोलीदहून सातला निघालात तर एका तासात पोचूनही कोबाच्या घड्याळात नऊ वाजलेले असतात. परतीच्या विमानाची वेळ कानकुनच्या घड्याळाची असते, हे मेरिदाहून निघताना विसरू नका. सीमेजवळ मोबाइल दुसऱ्याच राज्याचा टॉवर पकडतो, म्हणून एक साधं मनगटी घड्याळ उद्याच्या ठिकाणाच्या वेळेला लावून ठेवा.

15. चिचेन इत्झाला किती वाजता पोचावं आणि तिकिटं दोन का?

दार सकाळी आठला उघडतं (युकातानची वेळ). पावणेआठला पार्किंगमध्ये असा. साडेदहानंतर बसगाड्यांची रांग लागते. एक तिकीट केंद्र सरकारच्या पुरातत्त्व संस्थेचं (ती सगळीकडे 'इनाह' म्हणून ओळखली जाते), दुसरं राज्य सरकारचं, म्हणून दोनदा पैसे भरता. उश्मालचंही तसंच. रविवारी मेक्सिकन नागरिकांना इनाहचं तिकीट माफ असतं आणि तोबा गर्दी होते. तो दिवस पूक मार्गावरच्या लहान ठिकाणांना द्या.

आत शिरल्यावर मोठा पिरॅमिड, एल कास्तियो, आधी बघा. प्रत्येक बाजूला 91 पायऱ्या आणि वरची एक, मिळून 365. 20-21 मार्चच्या सुमारास जिन्याच्या कठड्यावर सावलीचा साप उतरताना दिसतो. पण त्या दिवशी लहान मुलांना घेऊन जाऊ नका. आधीच्या किंवा नंतरच्या दोन-तीन दिवसांतही सावली जवळपास तशीच पडते.

16. कुठल्या पिरॅमिडवर चढता येतं?

चिचेन इत्झाला नाही. उश्मालच्या 'जादूगाराच्या पिरॅमिड'वरही नाही. कोबाच्या 42 मीटर उंच 'नोहोच मुल' पिरॅमिडवर 2020 मध्ये चढणं थांबवलं गेलं, सध्या काय चालू आहे ते दारावर विचारा. चढण्याचे नियम दुरुस्तीप्रमाणे बदलत राहतात. मुलांना आधी वचन देऊ नका.

जिथे चढू देतात तिथे पायऱ्या उंच आणि पाऊल टेकायला अरुंद असतात. चढणं सोपं, उतरणं अवघड. उतरताना पिरॅमिडकडे तोंड करून किंवा नागमोडी उतरायचं, मोठ्या माणसाने मुलाच्या खालच्या बाजूला राहायचं.

17. गुडघे दुखणारे आजीआजोबा आणि चार वर्षांचं मूल, दोघांनाही झेपेल असं काय?

चिचेन सपाट आहे, पण सावली कमी. कोबाला दारापासून मोठ्या पिरॅमिडपर्यंत सुमारे दोन किलोमीटर झाडीतून जावं लागतं, पण आत तीनचाकी सायकलरिक्षा मिळते. आजीआजोबा रिक्षात आणि मुलं भाड्याच्या सायकलवर, असा बेत जमतो. तिथली झाडीतली सरळ वाट म्हणजे मायांचा 'साकबे', पांढरा रस्ता. कोबाहून यशुनापर्यंत असा एक रस्ता सुमारे 100 किमी जातो आणि तो बांधणाऱ्यांकडे ना चाकाची गाडी होती ना ओझ्याचं जनावर. मुलांना हे तिथे उभं राहून सांगा.

पूक मार्गावरचं लाबना छोटं आणि शांत आहे. त्या भागात नैसर्गिक विहिरीही नाहीत, म्हणून लोकांनी जमिनीखाली 'चुलतुन' नावाच्या टाक्या खोदून पावसाचं पाणी साठवलं. कबाहच्या भिंतीवर पावसाच्या देवाचे, चाकचे, शेकडो मुखवटे का आहेत, ते यावरून कळतं.

मुलाची सीट घरूनच आणा. भाड्याच्या कंपनीकडची सीट जुनी, पट्टे तुटलेली किंवा वयाला न जुळणारी निघते आणि तोवर तुम्ही विमानतळावर अडकलेले असता.

18. आम्ही शुद्ध शाकाहारी. गावात खायला काय मिळेल?

मिळतं, पण विचारून खा. इथे घेवड्याच्या उसळीत सर्रास डुकराची चरबी ('मान्तेका') असते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हटलं तर फक्त मांसाचे तुकडे काढतात. 'सिन कार्ने, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो' असं पूर्ण म्हणा, त्याहून बरं म्हणजे चिठ्ठीवर लिहून दाखवा.

निर्धास्त खाण्यासारखं: मक्याच्या ताज्या तोर्तिया, चीजची केसादिया आणि 'सिकिल पाक', म्हणजे भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची टोमॅटो घालून केलेली चटणी, आपल्या तिळाच्या चटणीची ओलसर बहीण. अंडं चालत असेल तर 'पापाझुलेस', म्हणजे उकडलेलं अंडं भरलेल्या तोर्तिया. हाबानेरो मिरचीची चटणी वेगळी ठेवलेली असते. कोल्हापूरकरांनीही आधी थेंबभरच घ्यावी. पिण्याचं पाणी सीलबंदच, दात घासायलाही.

19. मोबाइलच्या नकाशावर विसंबावं का?

हो, पण नकाशा आधी उतरवून ठेवा. शहरं आणि मोठे रस्ते सोडले की नेटवर्क तुटतं, कालाकमुलच्या जंगलात तर नसतंच. 'सर्वात जवळचा' रस्ता नकाशा शेतातल्या पांढऱ्या मातीच्या वाटेने दाखवतो. क्रमांक नसलेल्या रस्त्यावर वळू नका. चालवताना फोन हातात धरला तर दंड आहे, स्टँड घरून आणा.

20. वाटेतल्या सेनोतेत मुलांना पोहायला नेता येईल का?

नेता येईल. सेनोते म्हणजे चुनखडीचं छत कोसळून तयार झालेली खोल विहीर. पाणी गार आणि काठापासूनच खोल असतं, लाइफ जॅकेट बऱ्याच ठिकाणी सक्तीचं. उतरण्याआधी अंग धुवायला लावतात, सनस्क्रीन आणि डासांचं मलम लावून उतरू देत नाहीत. म्हणून त्या सकाळी मलमाऐवजी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. अवशेष आधी, सेनोते नंतर, हाच क्रम ठेवा.

21. कालाकमुल लहान मुलांबरोबर जमेल का?

सात-आठ वर्षांपुढची मुलं असतील तर जरूर. 186 क्रमांकाच्या रस्त्यावरच्या कोनुआसपासून जंगलात 60 किमी आत जावं लागतं. रस्ता डांबरी पण अरुंद, दीड तास धरा. मोराच्या पिसांसारखे डोळे असलेले रानटर्की अचानक रस्त्यावर येतात, वेग 40 च्या आत ठेवा. वाटेत पैसे एकाहून अधिक ठिकाणी भरावे लागतात (गावाचा, अभयारण्याचा, इनाहचा), सगळे रोख. खासगी गाडी किती आतपर्यंत सोडतात ते कोनुआसच्या फाटकावर आधी विचारा.

शपुहिलला मुक्काम करून पहाटे निघा. माणशी तीन लिटर पाणी, दुपारचं खाणं आणि भरलेली टाकी हवी. दुसऱ्या क्रमांकाची वास्तू 45 मीटरहून उंच आहे. मुलं लहान असतील तर कालाकमुल सोडा आणि शपुहिलपासून सात किलोमीटरवरचं बेकान बघा. भोवती खंदक असलेलं हे माया शहर जवळजवळ रिकामं असतं.

22. पंक्चर झालं किंवा अपघात झाला तर?

पंक्चर: 'यान्तेरा' किंवा 'वुल्कानिसादोरा' अशी पाटी, बहुतेक वेळा टांगलेला जुना टायर, प्रत्येक मोठ्या गावात दिसते. गाडी बंद पडली तर 078 वर 'आन्खेलेस वेर्देस' या सरकारी हिरव्या गाड्यांची मदत मागता येते. दिवसा मुख्य रस्त्यांवर फिरतात, मजुरी घेत नाहीत, पार्ट आणि पेट्रोलचेच पैसे द्यायचे.

अपघात: कुणी जखमी असेल तर 911. मग भाड्याच्या कंपनीला आणि विमा कंपनीला फोन करा. विमा कंपनीचा तपासनीस ('आखुस्तादोर') येईपर्यंत गाडी हलवू नका, काही कबूल करू नका, समोरच्याशी रोख तडजोड करू नका. त्याच्या अहवालाशिवाय विमा पैसे देत नाही.

23. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरचा शेवट ते मार्चची सुरुवात. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांजवळ जातो. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, त्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर सर्वाधिक जोखमीचा. नाताळ आणि ईस्टरच्या आठवड्यात गाड्या आणि खोल्या दोन्ही महागतात.

24. पालेंके जवळच दिसतं. तेही जोडावं का?

हे माया अवशेषांचं ठिकाण द्वीपकल्पाबाहेर, चियापास राज्यात आहे. एस्कार्सेगाहून 186 ने आणि शेवटी 199 ने पालेंकेपर्यंत दिवसा जाणं ठीक. तिथून पुढे ओकोसिंगोमार्गे सान क्रिस्तोबालचा रस्ता स्वतःच्या गाडीने घेऊ नका: रस्ता अडवून पैसे मागणं आणि लूटमार यांसाठी तो ओळखला जातो. बोनाम्पाक, याश्चिलान या अवशेषांसाठीही कुटुंबासह स्वतः चालवणं आम्ही सुचवत नाही. पालेंकेतच ताजी परिस्थिती विचारा आणि स्थानिक वाहनानेच जा.

25. मेक्सिकोची गाडी घेऊन बेलीझ किंवा ग्वातेमालातल्या तिकालला जाता येईल?

जवळजवळ कधीच नाही. कंपनीची लेखी परवानगी नसेल तर सीमा ओलांडताच विमा संपतो आणि सीमेवर कागद मागतात तेव्हा परत फिरावं लागतं. तिकालसाठी ग्वातेमालातल्या फ्लोरेसला जाऊन तिथून बस घ्या. बेलीझमधल्या काही कंपन्या त्यांच्या गाडीला ग्वातेमालासाठी परवानगी देतात, पण ती बुकिंगच्या वेळीच मागावी लागते. दोन्ही देशांचे व्हिसाचे नियम वेगळे आहेत, प्रश्न 3 चं उत्तर तिथे लावू नका. बेलीझच्या सीमेजवळच्या चेतुमालपर्यंत आलाच असाल तर सीमेऐवजी पश्चिमेला सुमारे 65 किमीवरच्या कोहुनलिचला वळा. तिथल्या पिरॅमिडच्या जिन्यालगत माणसाहून उंच चुन्याचे मुखवटे आहेत आणि ते गवती छपराखाली असल्याने दुपारीही बघता येतात.